निळ्या गोळीतला माहा वाटा

ढोरावासराच्या दुखण्यातलं माह्याइतकं कळणारा माणूस साऱ्या पिंपळगाव राजा गावात दुसरा नोहता. आमच्या कुत्र्याच्या पाठीवरून बैलबंडीचं चाक गेलं, ती बंडी माहीच, अन् हाकून राह्यला होता तो बी मीच.

कुत्रं बायकोच्या माहेरचं, अमडापूरचं. लग्नाच्या वरातीत बंडीखालून चालत आलेलं. ती एवढंच बोलली, "यानं जीव सोडला तं मी चालली अमडापूरले."

त्याच बंडीत टाकून त्याले खामगावच्या ढोराच्या दवाखान्यात नेलं. नागपूरहून बदलून आलेला डाक्तर होता. त्यानं गुंगी देऊन पाठ चिरली, कण्यातून हाडाची किरची काढली, टाके घातले. म्हणे, "मागचे पाय येतील हळूहळू. पन तवरी लघवी याची याले होनार नाही. दिवसातून तीनदा पोट दाबून काढा. तुंबली तं आत सडते, अन् कुत्रं त्यानंच जाते."

म्या दाबलं. काहीच निंगालं नाही. बायको म्हणे, "अवो, ते पोट नोहे, छातीच्या फासोळ्या हायेत!"

पुढं जमलं, पर अर्धवट. आठ दिवसांत मूत गढूळ झालं, आंबलेल्या ताकावानी वास, अंगात ताप. पुन्हा खामगाव. डाक्तरनं निळ्या गोळ्या देल्ल्या, सकाळ-संध्याकाळ एक-एक.

आता त्या कुत्र्याची एक खोड. म्या आधी दात लावल्याबिगर ते भाकरीले तोंड लावत नसे. सवय माहीच. म्हणून गोळी बी म्या तोडली, अर्धी मले, अर्धी त्याले. तिसऱ्या दिवशी वावरात बांधाच्या धुऱ्यावर लघवीले बसलो अन् पाह्यतो तं काय, निळं! पोळ्याले बैलाची शिंगं रंगवावी असं निळं. कुत्र्याचं बी दोन दिवसांपासून असंच निळं होतं. मले वाटलं, कुत्र्याचा रोग मले लागला. पळत घरी आलो.

"अवं, मी चाललो!"

"कुठं?"

"वरतं!"

"मंग जाताजाता कुत्र्याचं पोट दाबून जा."

तरी बिचारीनं बंडी जुपली. माह्यावर भरवसा नाही म्हणून कासरा तिनंच धरला. मी अन् कुत्रं मांगं एका गोधडीवर आडवे.

डाक्तर म्हणे, "तोंड उघडा." म्या कुत्र्याचं उघडलं.

"त्याचं नाही बाबा, तुमचं!"

जीभ निळीशार. म्या गोळीच्या वाटणीचं सांगलं तसा डाक्तर हासता हासता खुर्चीवर बसला. "अहो, या औषधानं लघवी निळीच होते. तुमाले काही नाही झालं. पन अर्धं औषध तुमीच खाल्लं, मंग ते बरं कसं होईल?"

तवापासून गुळाचा खडा म्या चावला अन् उरलेल्यात आख्खी गोळी दडवली. चार-पाच दिवसांत वास गेला, ताप उतरला.

अन् एक दिवस सकाळी कुत्रं आपल्या पायानं उठलं. लटपटत बंडीपाशी गेलं, चाकाले आंग टेकवलं, तंगडी वर केली. कोणी दाबलं नाही, काही नाही, अन् त्याच चाकावर निळी धार! मी आंगणात नाचलो. शेजारी गोळा केले. म्हटलं, "पाहा, या हातानं वाचवलं!"

बायकोनं पदरानं डोळे पुसले अन् कुत्र्याले म्हणे, "येड्या, चाकाचा काय गुन्हा? हाकणारा तं इकडं उभा हाय!"