युसूफ मिस्त्रीचं हमीपत्र

जळगाव जामोदच्या सराई गल्लीत लाइट गेली की लोक आधी पंख्याकडे बघत, मग शेजारच्या घरात अंधार आहे का ते बघत, आणि मग सगळ्यांच्या तोंडून एकच नाव निघे. युसूफ मिस्त्री. वीज कंपनीचं नाव कोणी काढत नसे आणि ते बरंच होतं, कारण ते नाव निघालं की त्याच्या मागोमाग जे शब्द येतात ते बायकापोरांसमोर बोलायचे नसतात.

मिस्त्री म्हणजे बासष्ट वर्षांचा सडपातळ माणूस. बस स्टँडच्या मागे त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती गोणपाटात गुंडाळून त्याच्याकडे आणत आणि हा बाबा मांडी घालून तांब्याची तार भरत बसे. काम खामगावला एका सिंधी शेठच्या दुकानात शिकला. वीज त्याला आयुष्यात एकदाच लागली, तीही घरच्या इस्त्रीची, आणि त्यावरून बायकोनं, बिलकिसनं, त्याला वीस वर्षं छेडलं. गावाच्या मोटरी नीट करतो आणि घरची इस्त्री याला चावते, असं ती आल्यागेल्याला सांगायची. तोही हसायचा.

गल्लीच्या तोंडाशी कंपनीची डीपी होती. म्हणजे तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या खालची पत्र्याची पेटी. पेटीला दार होतं, दाराला कडी नव्हती. आतली फ्यूजची तार उडाली की गल्ली बंद. ती तार बांधायचं काम लाइनमनचं, पण लाइनमन एकच होता, ज्ञानेश्वर, तोही कंत्राटी, आणि त्याच्याकडे अर्धं गाव आणि वर सातपुड्याच्या पायथ्याची सात खेडी. तो तरी बिचारा कुठं कुठं पुरणार? मग तो फोन करायचा. "चाचा, म्या मागून, सबस्टेशनातून, लाइन बंद करतो. तुमी तेवढी तार बांधून घ्या. झालं का मिसकॉल मारा." युसूफ पक्कड घेऊन जायचा, तार बांधायचा, मिसकॉल मारायचा, आणि दोन मिनिटांत गल्लीतले पंखे फिरू लागायचे. अकरा वर्षं हे असंच चाललं. कागदावर मात्र यातलं काहीच नव्हतं.

गल्लीनं याचा एक रिवाज करून टाकला होता. ज्या घरचं माणूस मिस्त्रीला उठवायला जाईल, त्या घरी लाइट आल्यावर मिस्त्रीचा चहा. पैशाची गोष्ट कधी निघाली नाही, निघाली असती तर तो रागावला असता. पण चहा तो हक्कानं घ्यायचा. ओट्यावर बसून, सावकाश, बशीत ओतून, आणि घरातल्या माणसांची चौकशी करत.

तीन वर्षांपूर्वी बिलकिस गेली. मुलगी फलक अकोल्याला दिलेली. ती रोज फोन करी, पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटे. सकाळी दुकान, संध्याकाळी खिचडी किंवा कालचीच भाकरी, मग टीव्ही. चार-चार दिवस त्याचं दार कोणी वाजवत नसे. वाजलं तर ते लाइटसाठी. आता खरं सांगायचं तर त्याला त्या वाजण्याची ओढ लागली होती. लाइट गेली की लोक चरफडत आणि युसूफ चप्पल घालून दारामागे उभा राही, कोणीतरी हाक मारीपर्यंत. हाकेआधी तो कधी बाहेर आला नाही. बोलावलं म्हणून जायचं, यातच तर सगळी मजा होती.

यंदा होळीनंतर काहीतरी बिघडलं. लाइट दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा जाऊ लागली. कधी दहा मिनिटं, कधी तीन तास, आणि तीही फक्त सराई गल्लीची. पलीकडच्या पेठेत कूलर भणभणतायत आणि इकडे माणसं पुठ्ठ्यानं वारा घेतायत. युसूफ डीपीवर जाई, पेटी उघडी, तर तार शाबूत. त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हे इथलं नाही. मागूनच येऊन नाही राह्यली." मागून का येत नाही, हे विचारायला लोक ऑफिसात गेले. तिथं एक दिवस उत्तर मिळालं, देखभाल चालू आहे. दुसऱ्या दिवशी, लोड वाढला. तिसऱ्या दिवशी, वरून बंद आहे. वर म्हणजे कुठं, हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्ञानेश्वरला विचारलं तर तो म्हणे, "मलेच कोनी सांगत नाही, तं म्या तुमाले काय सांगू?"

शेवटी शेषराव गुरुजींनी लेखणी उचलली. गुरुजी युसूफच्या समोरच्या घरात राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अक्षर मोत्याचं, आणि अर्ज लिहायचा म्हटलं की त्यांना लग्नाच्या पत्रिकेइतका हुरूप. महिन्याभरात लाइट किती वेळा गेली, कधी गेली, कधी आली, सगळं तारीखवार लिहिलं. त्र्याऐंशी वेळा. खाली गल्लीतल्या घराघरांतून सह्या घेतल्या. आणि सगळ्यात शेवटी, कोणी न सांगता, मन भरून आलं म्हणून एक वाक्य जोडलं: "आजवर आमच्या गल्लीतील श्री. युसूफ मिस्त्री हे निःस्वार्थपणे वेळोवेळी डीपीवर जाऊन तार बांधतात, म्हणूनच आम्ही नागरिक तग धरून आहोत."

ते वाक्य त्यांनी युसूफला वाचून दाखवलं. युसूफ सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, पण "श्री." लावून आपलं नाव कोणी लिहिलेलं त्यानं प्रथमच ऐकलं. तो लाजला. रात्री फलकला फोनवर म्हणाला, "गुरुजी ने मेरा नाम लिखा है अर्जी में." अर्ज बुलढाण्याला, थेट मोठ्या ऑफिसात गेला.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. त्र्याऐंशी तारखांपैकी एकीचाही त्यात उल्लेख नव्हता. "सदर रोहित्रावर अनधिकृत व्यक्ती वेळोवेळी हाताळणी करीत असल्याचे आपल्याच अर्जावरून निदर्शनास येते. सबब वीजपुरवठा खंडित होण्यास सदर हाताळणी कारणीभूत असल्याचे प्रथमदर्शनी दिसते." रोहित्र म्हणजे तोच ट्रान्सफॉर्मर. गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. कौतुक करायला गेला माणूस, आणि कंपनीनं ते कौतुकच पुरावा म्हणून उचललं. एवढ्या मोठ्या ऑफिसात कोणाला तरी ते वाक्य बरोबर सापडलं. तारखा मात्र सापडल्या नाहीत.

त्या दिवसापासून गुरुजी युसूफच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जाऊ लागले. राग नव्हता, शरम होती. पण दारात बसलेल्या माणसाला शरम आणि राग यातला फरक कसा कळायचा? बाकी लोकही जरा जपून राहू लागले. लाइट जातच होती. हाक मात्र कोणी मारेना. युसूफ चप्पल घालून दारामागे उभा राही, लाइट आपोआप परत येई, आणि तो चप्पल काढून ठेवी.

पंधरा दिवसांनी चौकशी आली. गुरुजींच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. एक तरुण मॅडम, इंजिनिअर, त्यांच्यासोबत एक क्लार्क, आणि भिंतीला टेकून ज्ञानेश्वर, नजर जमिनीत. गल्लीतली पंधरा-वीस माणसं उभी. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी युसूफला खुर्ची दिली, पाणी घेता का विचारलं, आणि एक टाइप केलेला कागद पुढे केला.

"चाचा, हे हमीपत्र आहे. यावर सही केली की तुमच्यावर काही होणार नाही. पोलीस वगैरे काही नाही. अर्जही निकाली निघेल."

युसूफनं कागद गुरुजींकडे दिला. "वाचा बरं."

गुरुजींनी वाचलं. मी यापुढे रोहित्रास हात लावणार नाही, इथपर्यंत त्यांचा आवाज ठीक होता. "माझ्या हस्तक्षेपामुळे वीजपुरवठा खंडित होत होता, हे मला मान्य आहे" इथं ते अडखळले.

"मॅडम," युसूफ म्हणाला, "म्या तार बांधली. लाइट घालवली नाही. पुढं हात नाही लावत, ते लिहून देतो. पन हे मधलं काऊन लिहिलं?"

"तसा त्याचा अर्थ घेऊ नका. फाइलला काहीतरी कारण लागतं."

"मंग खरं कारन काय हाये?"

मॅडमनी क्लार्ककडे पाहिलं, क्लार्कनं कागदांकडे. "ते तपासात आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला डीपीवर जायला कोण सांगायचं?"

ज्ञानेश्वरनं मान वर केली नाही. त्याला दोन लहान मुली होत्या आणि कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होत होतं, हे युसूफला ठाऊक होतं. ज्ञानेश्वरचं नाव घेणं युसूफच्यानं होणं शक्य नव्हतं. पण दुसरंही एक उत्तर होतं आणि ते त्यानं नाही, गल्लीनं द्यायचं होतं. आम्ही बोलवायचो, एवढंच. अकरा वर्षं आम्हीच त्याचं दार वाजवलं. पंधरा-वीस माणसांपैकी कोणीही म्हणालं असतं तर ज्ञानेश्वरही वाचला असता आणि युसूफही. तो वाट बघत राहिला. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्या ज्या घरी त्यानं चहा घेतला होता ती सगळी तोंडं होती. कोणी बोटातली अंगठी फिरवत होतं, कोणी मोबाइल बघत होतं. आपण बोलावलं म्हटलं तर आपलंही नाव चौकशीत येईल, हे सगळ्यांना कळत होतं. गुरुजींचं तर त्या वाक्यामुळे आधीच आलं होतं.

"लाइट गेली का मानूस उठतेच, मॅडम," युसूफ शेवटी म्हणाला.

"मिस्त्री, करून टाका सही," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्याच भल्याचं आहे. माझ्या एका वाक्यापायी तुमाले त्रास नको."

युसूफनं सही केली. मराठीतच, सावकाश, पूर्ण नाव. मग सगळे एकदम बोलू लागले, मॅडमना चहाचा आग्रह करू लागले. युसूफलाही कप आला. तो त्यानं तसाच खाली ठेवला आणि उठला.

पेटीला कुलूप लागलं. एक नवा नंबर भिंतीवर रंगवला गेला, त्यावर फोन केला की बाई सांगे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लाइट पहिल्यासारखीच जात राहिली.

आणि तेव्हापासून युसूफनं एक नवंच सुरू केलं. लाइट गेली की तो घरातून बाहेर येई. कोणी न बोलावता. गल्लीच्या मधोमध हापशी आहे, तिच्या ओट्यावर जाऊन बसे, दोन्ही हात गुडघ्यांवर, अशा जागी की प्रत्येक घरातून तो दिसावा. कोणाशी बोलत नसे. लाइट येईपर्यंत बसे, मग घरी जाई. दुकानात असला आणि गल्लीतली लाइट गेल्याचं कळलं, तर दुकान बंद करून येई. सुरुवातीला लोक ओट्यांवर बसलेले असत, गप्पा मारत. हळूहळू ते उकाडा सोसत घरातच बसू लागले. त्याच्याकडे बघणं कोणाला जमेना.

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी लाइट तासाभरापेक्षा जास्त गेली. ऊन उतरत नव्हतं. युसूफ डोक्यावर रुमाल टाकून हापशीच्या ओट्यावर बसला होता. गल्लीत दुसरं माणूस नव्हतं. गुरुजींची बायको रुखमाबाई पदर सावरत बाहेर आली, त्याच्यापासून चार हात अंतरावर थांबली.

"भाई, घरात जा आता," ती म्हणाली. "ऊन लागन. कोनी काही म्हनत नाही तुमाले."

"म्हनूनच बसलो, भाभी," युसूफ म्हणाला. "त्या दिवशीबी कोनी काही म्हनलं नाही."

रुखमाबाई आपल्या घरात गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.