होयबाई नाही म्हणतात

पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या त्या दुकानात माणसं तीनच. मालक, त्यांची थोरली बहीण आणि त्यांची बायको. मालक गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेत, बहीण कापड बेतून कापायची आणि बायको मशीनवर बसायची. ही गोष्ट त्या बायकोची. गल्लीत तिला सगळे होयबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. राग? छे! तिचं साधं म्हणणं, नणंद म्हणते ते नेहमी बरोबरच निघतं, मग वाद घालून उगाच घसा कशाला कोरडा करायचा? अशी समाधानी बाई दुसरी सापडायची नाही.

बुद्धिबळही तिला नणंदेनंच शिकवलं. लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा, दुकानात काम नसलं की कापायच्या टेबलावर कापड बाजूला सारून ताई पट मांडायच्या. पुढे दोघींची जोडीच जमली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी जोड्यांचे डाव होत. एका बाजूला दोघं, दुसऱ्या बाजूला दोघं. चाल ठरवायला आपसात हवं तेवढं बोला, पण समोरच्यांच्या देखत. दोघांनी हो म्हटल्याशिवाय सोंगटीला शिवायचं नाही आणि एकदा शिवलं की ती हलवायचीच. लोक डाव बघायला येत ते निम्मे त्या भांडणांसाठी. नणंद-भावजयीच्या पटावर मात्र करमणूक शून्य. ताई म्हणायच्या, "घोडा काढ." होयबाई म्हणायच्या, "हो ताई." झालं.

पण अलीकडे ताईंचं कापणं बिघडलं होतं. एकाच खिडकीचे दोन पडदे, एक लांब आणि एक आखूड निघाला. सुई ओवायला त्या भावजयीकडे द्यायला लागल्या. एकदा मालक बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईचे डोळे अधू झालेत का गं? तसं असेल तर कात्री काढून घ्यायला हवी. घरी बसू दे आता आरामात."

होयबाईंना ते पटलं नाही. ताई आणि आराम! सकाळी दुकानाचं शटर वर गेलं नाही तर ज्या बाईला चहा गोड लागत नाही, तिला घरात बसवणार? पण नवऱ्यालाही नाही म्हणायची सवय नव्हती. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून ताईंना सांभाळून घ्यायला लागल्या. आता ताईंची कात्री राहते की जाते हे आपल्याच हातात आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

अशातच तो डाव आला. समोर केमिस्ट आणि निवृत्त पोस्टमन. ही जोडी महा बेरकी. बाकीचे लोक बडबड करून आपले बेत समोरच्याला आयते सांगत, हे दोघं तोंडच उघडत नसत. पोस्टमननं भुवई उडवायची, केमिस्टनं मान हलवायची, चाल झाली. पटाच्या मध्यभागी दोन्हीकडची प्यादी एकमेकांना भिडून ठप्प झाली होती. कुणाला पुढे जाता येईना, कुणाला मारता येईना. आता हल्ला करायचा तर कडेनं, राजाच्या बाजूनं किंवा वजिराच्या.

"राजाच्या बाजूनं," ताई म्हणाल्या. "आपली प्यादी तिकडेच तोंड करून उभी आहेत. उंटाच्या पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकव."

होयबाईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या प्याद्याच्या अगदी पुढ्यात समोरच्यांचं प्यादं येऊन बसलं होतं. सरकवणार कुठे?

ताईंना ते दिसत नव्हतं. डोळे किती अधू झालेत ते होयबाईंना एकदम कळलं. खोलीत निम्मी गल्ली जमलेली. इथे बोभाटा झाला की तो घरी पोचायला कितीसा वेळ?

"ताई, वजिराच्या बाजूनं गेलो तर?"

ताईंनी मान वळवली. आजूबाजूच्यांनीही वळवली. होयबाईंनी सुचवलं!

"का?"

"म्हणजे... तिकडे जागा आहे. हत्ती पण आहे."

"हत्ती इकडेही आहे. कारण सांग."

"मला आपलं वाटतं."

"वाटून काय होतंय? कधी नाही ते बोलायचं आणि असलं बोलायचं!" ताई वैतागल्या. पोस्टमनची भुवई पार केसांना टेकली. "हो म्हण, मी सरकवते," असं म्हणत ताईंनी हात पुढे केला आणि होयबाईंनी तो मनगटाशी घट्ट पकडला.

"नाही ताई."

ताईंनी हात सोडवून घेतला नाही. मग हळू आवाजात विचारलं, "तिथे काय आहे?"

"त्यांचं प्यादं."

"कधी आलं?"

"दोन चालींपूर्वी."

"अगं, दोन घरं उडी मारून शेजारी आलं, तेव्हा त्याच चालीला मारता आलं असतं की! बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुसरी चाल सांगितलीत. मी हो म्हटलं."

ताई खुर्चीत मागे टेकल्या. होयबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या आपल्या गोड होकारांचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

"केमिस्ट," ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही. बरेच दिवस झाले. इतर जोड्या बडबडतात त्यावर माझं भागत होतं, तुम्ही दोघं मुके पडलात. आता चाल केलीत की मोठ्यानं सांगायची. चालेल?"

"न चालायला काय झालं?" केमिस्ट म्हणाला. "आधी सांगायचं नाही का? डोळे तपासून तरी घेतलेत का?"

"ते उद्या. आता डाव." त्या भावजयीकडे वळल्या. "सगळा पट सांग. एकूण एक सोंगटी."

होयबाई सांगत गेल्या, ताई डोळे मिटून ऐकत गेल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "तरीही राजाचीच बाजू. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं दोन घरं ढकल. त्यांच्या त्या प्याद्याला बाजूनं धडक बसते."

"आणि आपला राजा? तो त्याच प्याद्यामागे बसलाय. उघडा पडेल!"

"थोडा पडेल."

"थोडा कसला, चांगला पडेल. आधी राजा कोपऱ्यात, मग त्याच्या जागी हत्ती, आणि मग ढकला काय ढकलायचं ते."

"तोवर ते झोपा काढतील?"

"काढू देत नाहीतर नाचू देत! त्यांच्या सोंगट्या आत कोंडल्यात, यायला वेळ लागणार आहे."

दोघी अशा काही भांडल्या की शेजारच्या पटावरचे लोक खेळ सोडून बघायला आले. शेवटी राजा कोपऱ्यात गेला. डाव बरोबरीत सुटला, आणि तो कुणामुळे जिंकता आला नाही यावर घरापर्यंत वाद चालला. होयबाईंना इतकं मोकळं, इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताईंनी भावाला स्वतःच सगळं सांगितलं. मालकांनी टेबलावरची कात्री उचलली.

"मग ठरलं तर," ते म्हणाले. "ताई, तू आता घरी आराम कर." आणि सवयीनं बायकोकडे पाहिलं. "काय गं?"

"नाही," होयबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. "बेत ताई सांगतील, कापेन मी."

"आणि तुमचं दोघींचं पटलं नाही तर?"

"नाहीच पटणार," ताई म्हणाल्या आणि स्टूल ओढून टेबलाशी बसल्या. "चल, उलगड ते कापड."