प्रभारी गावंड बाई

शिवणखोलच्या माध्यमिक शाळेत कल्पिता गावंड बाईंना खुर्चीत बसून शिकवताना कुणी पाहिलं नव्हतं. भूमितीचा तास असला की त्या फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत फळ्यापर्यंत चालत राहायच्या. शिक्षकांच्या खोलीतही सगळे बसून चहा घेत आणि बाई कप हातात धरून खिडकीशी उभ्या. पायाला भिंगरी बांधलेली बाई, असं गाव म्हणायचं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

ही भिंगरी माहेरची होती. पेणच्या खारपट्ट्यातल्या आगरी घरात त्या वाढल्या. वडील मोरू गावंड मिठागरात कामाला. घराच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की बायकापोरांसकट सगळ्यांनी धावायचं, चिखल ओतायचा, पाणी अडवायचं. त्या वेळी जो घरात बसून राहिला त्याला गाव वर्षभर विसरत नसे. कल्पिता शिकली, बी.एड. झाली, श्रीवर्धनच्या वाटेवरच्या या खाडीकाठच्या शाळेत नोकरीला लागली, लग्नानंतरही शाळेसाठी माहेरचंच आडनाव ठेवून राहिली. पण पाणी कुठून तरी आत येतंय, आपण बसून कसं चालेल, ही धास्ती अंगातून गेली नाही. नवरा दिपेश ट्रेलर चालवायचा, उरणच्या बंदरातून पुण्याकडे. महिन्यातून दोनदा यायचा आणि म्हणायचा की, माझ्यापेक्षा तूच जास्त चालतेस.

मेच्या अखेरीला जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले. नवी नेमणूक होईपर्यंत शाळा कुणाच्या तरी हाती द्यायला हवी म्हणून संस्थेने गावंड बाईंना प्रभारी केलं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे दादा. त्यांचं खरं नाव फक्त कागदांवर यायचं. गावाला ते दादाच. सुपारीची मोठी वाडी, शाळेची जमीनही त्यांच्याच आजोबांनी दिलेली. बाईंच्या हातात चाव्यांचा जुडगा देताना दादा म्हणाले होते की, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, घडी विस्कटू नका.

घडी विस्कटायला जूनच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात झाली. वादळात पत्रे उडाल्यापासून शाळेच्या पश्चिमेकडच्या तीन खोल्या गळत होत्या. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने भिंतीवर हात ठेवला, तुळईकडे पाहिलं आणि इथे एकही मूल बसवू नका म्हणून सांगितलं. लेखी कळवलंही. उरलेल्या खोल्यांत पाचवी ते दहावी मावणं शक्य नव्हतं. मग संस्थेच्या बैठकीत ठरलं की शाळा दोन पाळ्यांत भरवायची: आठवी, नववी, दहावी सकाळी सातला, लहान वर्ग दुपारी.

बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली. बाईंनीही डोलावली. घरी परत येताना धक्क्यावरून खाडीपलीकडची बेटवाडी दिसली आणि त्या जागच्या जागी थांबल्या. बेटवाडीची पोरं तरीने, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होडीने, शाळेत यायची. पावसाळ्यात चांगलं उजाडल्याशिवाय, म्हणजे सातच्या आत, तर सोडायची नाही, हा जुना नियम. एकदा माणसं बुडाल्यावर केलेला. सातच्या शाळेला ती पोरं पोचणार कशी? रस्त्याने वळसा घालून यायचं तर एसटीचीही पहिली गाडी उशिराचीच.

त्या तशाच उलट्या पावली दादांकडे गेल्या. दादा झोपाळ्यावर बसून सुपाऱ्या निवडत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे आपली बाजू मांडली, आणि ती बाजू खोटी नव्हती. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची व्हॅन आता शिवणखोलपर्यंत येऊ लागली होती. इमारत धोकादायक आहे हे पालकांनी ऐकलं तर दाखले काढायला रांग लागेल. पट घसरला की शिक्षकांची पदं जातील, आणि मग पाळ्या करायलाही शाळा उरणार नाही. तेव्हा वर्षारंभाच्या पालकसभेत दहावीचा निकाल सांगा, नवे संगणक सांगा, इंग्रजीला नवे शिक्षक येताहेत ते सांगा. पाळ्यांचं नंतर व्हॉट्सअॅपवर कळवू.

"आणि बेटवाडी?" बाईंनी विचारलं.

"करू काहीतरी," दादा म्हणाले.

ते 'करू काहीतरी' बाईंच्या डोक्यात कुसळासारखं अडकलं. पुढचे चार दिवस त्या शाळेत नुसत्या फिरत होत्या. दर्शनी फलकावर नव्या वर्षाच्या सूचना त्यांनी स्वतः लिहिल्या: पाठ्यपुस्तकं कधी मिळणार, गणवेश कुठला, निकाल किती टक्के. लिहून झालं की मागे सरकून वाचायच्या, एक ओळ पुसायच्या, पुन्हा तीच लिहायच्या. शिपाई परेशने एकदा न राहवून विचारलं की काही चुकलंय का. चुकलं काही नाही, राहिलंय, असं त्या म्हणाल्या आणि खडू ठेवून निघून गेल्या.

पालकसभा शनिवारी भरली. हॉल नव्हताच, व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या आणि पन्हळींचं पाणी अंगणात पडत होतं. बेटवाडीच्या बायका ओल्या छत्र्या मिटून एका कडेला बसल्या. बाईंनी निकाल सांगितला, टाळ्या झाल्या. संगणकांचं सांगितलं, नव्या सरांना उभं केलं, पुन्हा टाळ्या. दादांनी परेशला चहा आणायची खूण केली.

बाई खाली बसल्या नाहीत. "आणखी एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते चहाच्या आधी सांगते."

त्यांनी सगळं सांगितलं. तीन खोल्या, इंजिनिअरचा निर्णय, दोन पाळ्या, सातची वेळ. दादांकडे त्यांनी पाहिलं नाही. व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली, मग ती वाढली. कुणी विचारलं की भिंत आमच्या पोरांच्या अंगावर पडायची वाट बघत होता का. कुणी म्हणालं, आधी का नाही सांगितलं. बाई उत्तरं देत राहिल्या.

मग कडेची एक बाई उठली. सोनूबाई. खाडीत कालवं काढून विकायची, आणि तिची हेमाली यंदा दहावीला होती. ती फार मोठ्याने बोलली नाही.

"बाई, तर उजाडल्याबिगर सुटत न्हाय. सातला पोरी पोचायच्या न्हाईत. म्हंजे आमच्या पोरींनी घरी बसायचं, असंच ना?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. शाळेत एरवी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. माहेरचा शब्द तोंडून निघून गेला. "बेटवाडीची सोय झाल्याशिवाय सातची पाळी सुरू होणार नाही. ही माझी जबाबदारी."

हे बोलायचा अधिकार त्यांना नव्हता. प्रभारी माणसाने संस्थेचा ठराव भर सभेत अडवावा, असं शिवणखोलमध्ये घडलं नव्हतं. दादा चहा न घेता उठले आणि छत्री उघडून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात दादांचं म्हणणं खरं ठरू लागलं. दाखले मागायला पालक आले. पहिल्या दिवशी दोन, मग आणखी. त्यात बाईंची आवडती, सातवीतली हुशार मुलगीही होती. तिच्या दाखल्यावर बाईंनी सही केली. आपण सांगितलं म्हणून गेली. सांगितलं नसतं तर राहिली असती. मग लगेच दुसरं मन म्हणे, आणि भिंत पडली असती तर? अशी दोन मनं एकमेकांशी भांडत राहिली आणि बाई गावभर जागा शोधत फिरत राहिल्या. मासेमारी सोसायटीची खोली पाहिली, तिथे जाळ्यांचे ढीग. ग्रामपंचायतीचा हॉल मिळेना. देवळाचा सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा, पावसाची झड थेट आत. दिपेशचा फोन आला तेव्हा त्या देवळाच्या पायऱ्या उतरत होत्या. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला की सगळं गाव पाहिलंस, पण ज्या दारात जायचं ते टाळते आहेस.

त्याचं खरं होतं. दादांच्या वाडीत, त्यांचा मुलगा सुयश याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि समोर एक मोठा पक्का हॉल. शनिवार-रविवारी तिथे मुंबईकरांची गर्दी. आठवड्याचे बाकीचे दिवस, त्यातून पावसाळ्यात, कुत्रंही फिरकत नसे. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बाई गेल्या तेव्हा दादांनी बसा म्हटलं नाही. त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी मात्र पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्या स्वतः याच शाळेतून मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. सोमवार ते शुक्रवार हॉल द्या, आठवी ते दहावी तिथे बसतील, म्हणजे पाळ्यांची गरजच नाही, शाळा पूर्वीच्या वेळेला भरेल. शनिवारी हॉल तुमच्या पाहुण्यांना. शनिवारचे तास इकडच्या मुलांना शाळेतच दोन पाळ्यांत होतील आणि बेटवाडीच्या मुलांना मी स्वतः तिकडे जाऊन शिकवीन.

"सभेत माझं नाक कापलंत," दादा म्हणाले, "आणि आता माझ्याच दारात जागा मागता?"

"दुसरीकडे जागा नाही म्हणून मागते. सभेत बोलले ते चूक होतं असं मला अजून वाटत नाही. मुलं गेली त्याचं वाईट वाटतं. झोप लागत नाही."

कुमुदताईंनी आतून मोबाइल आणला, सुयशचा नंबर लावला आणि दादांच्या हातात दिला. सुयश अलिबागला होता. त्याचा चढा आवाज बाईंनाही ऐकू येत होता: बाकांनी फरशी खराब होईल, मुलं भिंती रंगवतील, कुठल्या पाहुण्याने चौकशी केली तर काय सांगायचं. दादा हूं हूं करत राहिले. शेवटी म्हणाले की बाकांखाली गोणपाटं घालू, दिवाळीपर्यंतचाच प्रश्न आहे. आणि फोन ठेवून बाईंना म्हणाले, "तुमच्यासाठी देत नाही हे लक्षात ठेवा."

"ठेवीन," बाई म्हणाल्या. मग त्या दिवसात पहिल्यांदाच बाई खाली बसल्या आणि तांब्यातलं सगळं पाणी प्यायल्या.

सोमवारी बेटवाडीची पोरं नेहमीच्या तरीने आली आणि शाळेऐवजी वाडीकडे वळली. सुपारीच्या झाडांमधून दप्तरं सांभाळत जाणारी ती रांग पाहायला कुमुदताई ओट्यावर उभ्या होत्या. पहिले काही दिवस त्या नुसत्या पाहायच्या. मग एक दिवस नववीच्या वर्गात जाऊन व्याकरण शिकवायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही.

शनिवारी बाई तरीने पलीकडे जायच्या. बेटवाडीच्या समाजमंदिरात फळा नव्हता, म्हणून दाराच्या फळीवर त्रिकोण काढायच्या. हेमालीला भूमिती येत नसे आणि ती येत नाही हे ती स्पष्ट सांगायची. बाईंना ती पोरगी त्यामुळेच आवडायची.

गणपतीच्या आधी संस्थेने नवे मुख्याध्यापक नेमले, दुसऱ्या शाळेतले, सेवेने ज्येष्ठ. नियमाला धरूनच होतं. तरी सभेचा प्रसंग घडला नसता तर बाईंचाच विचार झाला असता, हे दादांनी लपवलं नाही. बाईंनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. दोन दिवस हात रिकामे रिकामे वाटले. मधल्या सुट्टीत त्या सवयीने ऑफिसपर्यंत जायच्या आणि दारातून परत फिरायच्या.

दिवाळी जवळ आली तरी पश्चिमेच्या खोल्यांना हात लागलेला नव्हता. नव्या मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले की वर पाठवलंय, बघू. दादांची मुदत संपत आली होती, सुयशचे फोन पुन्हा सुरू झाले होते. बाईंनी एक दिवसाची रजा टाकली आणि अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत जायचं ठरवलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोणत्या नात्याने जाणार? बाई म्हणाल्या, शिक्षिका म्हणून.

अलिबागच्या वाटेवरच्या दिघीच्या धक्क्यावर, आगरदांड्याकडे जाणाऱ्या बोटीशी त्या सकाळी पोचल्या तर सोनूबाई आधीच तिथे उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. बाईंनी विचारलं, कुठे निघालीस?

"तुमच्यासंगं. हेमालीनं सांगितलं तुमी जाताव म्हनून. तुमी बोला, मी बाजूला बसंन. कचेरीत एकट्या बाईला कोन उभं करत न्हाय."

दोघी गेल्या. कचेरीत एका दारातून दुसऱ्या दारात असं दुपारपर्यंत चाललं. बाई उभ्या राहून बोलत होत्या आणि सोनूबाई बाकावर ठाण मांडून बसली होती, साहेब येईपर्यंत उठणार नाही अशी. शेवटी एका अधिकाऱ्याने शिवणखोलचे कागद मागवले आणि पाहणीची तारीख दिली. ती तारीख एकदा पुढे गेली, पण माणसं आली. नाताळच्या सुमारास तीनपैकी एका खोलीवर कामगार चढले. बाकीच्या दोन खोल्यांचं अजून ठरायचं आहे. सुयशने कुरकुरत परीक्षेपर्यंत हॉल राहू दिला आहे.

गेलेल्या मुलांपैकी दोघं परत आली. ती हुशार मुलगी आली नाही. कधी संध्याकाळी धक्क्यावरून येताना इंग्रजी शाळेची व्हॅन समोरून जाते. बाई क्षणभर थांबून काचेतून आत पाहतात, आणि मग पुन्हा भरभर चालायला लागतात.