सातव्या अंकातली बायको

कानतुट्या मला कधीच आवडला नाही. तरी त्याचे अकरा अंक मी वाचले, तेही मोठ्यानं, निपाणीत आमच्या सोप्यात विड्या वळणाऱ्या बायकांसमोर. चौथीपर्यंत शिकलेली तिथं मी एकटीच. मी वाचायचं आणि त्या बदल्यात प्रत्येकीनं मूठभर विड्या माझ्या सुपात टाकायच्या, असं ठरलेलं.

पुस्तकं धाकट्या दिराची. तो बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत होता, शनिवारी घरी यायचा. चित्रांची हिंदी पुस्तकं तो ट्रंकेत ठेवायचा, कसर लागू नये म्हणून तंबाखूच्या काड्या घालून. काड्या बदलायचं काम माझं, म्हणून किल्लीही माझ्याकडं. मी वाचून आमच्या बोलीत सांगायचे आणि शनिवारच्या आत सगळं जागच्या जागी.

कानतुट्या हे नाव आम्हीच ठेवलेलं. यानातून या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर नेणारा माणूस. डावा कान अर्धा, बोलणं खोटं, मारामारी झाली की सोबत्याला टाकून पळणार. एखाद्याला वाचवलंच तर त्याचे बूट काढून घेणार. बायका पोट धरून हसायच्या. सहाव्या अंकात मात्र त्यानं बायकोला एका कोरड्या ग्रहावर उतरवलं, "पाणी घेऊन येतो" म्हणाला आणि यान उडवलं. सातवा अंक दिराकडं नव्हता. आठव्यात हा भलतीकडंच पत्ते खेळत बसलेला.

"आक्का, मधलं पान गाळलंस काय गं?"

"पान न्हाय, अख्खं पुस्तकच न्हाय."

"मग ती मेली का जगली?"

"मला काय ठावं? मी काय तिथं होते?"

विचारणारीचा नवरा लोंढ्याहून गाडी धरून गोव्याला गेलता, कामाला म्हणून. पाच वर्षं झाली, आला नव्हता. बाकीच्या विसरल्या, ती विसरली नाही. आली की पहिलं तेच. मलाही मग चैन पडेना.

शेवटी दिराला सातवा अंक मिळाला. कोल्हापूरच्या एका मास्तराला आपल्याजवळचे तीन जादा अंक देऊन त्यानं तो आणला. प्लास्टिकात बंद, कोरा.

"उघडा की भावजी, बघू काय झालं तिचं."

"वैनी, उघडला की त्याची किंमत गेली."

"वाचायचा न्हाय तर आणला कशाला?"

"जमवायला."

सोमवारी तो बेळगावला गेला आणि मी कात्रीनं प्लास्टिक कापलं. बत्तीस पानं. चोरी, पाठलाग, दोन स्फोट. बायको कुठंच नाही. पुन्हा उलट्या बाजूनं पानं बघितली. लिहिणारा तिला विसरूनच गेला होता.

शनिवारी दिरानं कापलेलं प्लास्टिक बघितलं आणि कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "बायकोला टाकून हा पत्ते खेळतोय, आणि तुम्ही त्याला जपताय?"

"तो तसा हाय म्हणून तर लोक मागतात त्याला. चांगली माणसं ढिगानं हायत, त्यांची पुस्तकं रद्दीत जातात."

मी चुलीकडं गेले.

बायकांना मी खरं तेच सांगितलं. काही नाही त्यात, तिचं नाव पण नाही. बाकीच्या चुकचुकल्या आणि वळत राहिल्या. त्या विचारणारीनं मात्र हातातलं विडीचं पान खाली ठेवलं.

"आक्का, खोटं तरी सांगायचंस की. आला म्हणायचंस."

"तुला सगळी तेच सांगत आलीत. येईल, येईल. मी पण सांगू व्हय?"

ती सूप उचलून उठली आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्यांच्या सोप्यात बसायला लागली. मी बोलवायला गेले नाही. दिरानं नवं प्लास्टिक आणून अंक परत बांधला आणि ट्रंकेची किल्ली स्वतःच्या करगोट्याला अडकवली. महिनाभर ती आणि दीर, दोघंही माझ्याशी बोलली नाहीत. बायकोला विसरला तो लिहिणारा, आणि अबोला माझ्याशी.