पाण्यात टिकेल असं काहीतरी

तलावावरची पोरं त्यांना पाणबाई म्हणायची, आणि त्यांनाही ते नाव आवडायचं. एकतीस वर्षं त्यांनी सार्वजनिक तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. सकाळी चार तास, संध्याकाळी तीन. अर्धं आयुष्य छातीभर पाण्यात गेलं. त्या पाण्यात क्लोरिन इतकं असायचं, की वर्षभरात पोहण्याच्या पोशाखाचाही रंग उडायचा. तिथे दागिन्यांची काय कथा!

आईने लग्नात दिलेली चांदीची साखळी महिनाभरात काळीठिक्कर पडली. मग सोन्याचं पाणी दिलेली कानातली आणली. पाणी उतरलं, आतलं पितळ उघडं पडलं आणि कानाच्या पाळ्या हिरव्या झाल्या. नणंदेने जेवताना निरखून पाहिलं.

"वहिनी, कानात दागिने घातलेत की शेवाळ उगवलंय?"

सगळं घर हसलं. पाणबाईही हसल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी कान मोकळेच ठेवले. अंगावर राहिली ती सासूबाईंनी दिलेली सोन्याची अंगठी तेवढी.

सोनं काळं पडलं नाही, पण निसटलं. एका गारठ्याच्या सकाळी आठ वर्षांची एक पोरगी खोल बाजूला सरकली आणि गटांगळ्या खायला लागली. पाणबाईंनी झेप घेतली, तिला दंडाला धरून वर ओढलं, पाठीवर थापट्या मारल्या. पोरीने भोकाड पसरलं तेव्हा कुठे पाणबाईंच्या जिवात जीव आला. कपडे बदलताना लक्षात आलं, बोट रिकामं आहे. रखवालदाराने जाळ्या उघडून पाहिल्या, तिघांनी बुड्या मारून तळ चाचपला. अंगठी गेली ती गेलीच.

घरी जाताना पाय उचलेनात. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. पाणबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पोरगी बरी आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मग तोंड का पाडून उभी आहेस? चहा टाक आधी."

यजमान मात्र विचारात पडले. ते कारखान्यात लेथवर यंत्रांचे सुटे भाग बनवायचे. बोलणं मोजकं आणि डोकं सतत मापात. "गार पाण्यात बोट आक्रसतं," ते म्हणाले. "अंगठी कोरड्या बोटाच्या मापाची होती, चूक तिथेच झाली."

दुसऱ्या दिवसापासून पाणबाई तलावाचं पाणी बाटलीत भरून आणायला लागल्या. यजमानांनी खिडकीत काचेचे पाच पेले मांडले. तांबं, पितळ, चांदी आणि कारखान्यातलं दोन जातींचं स्टील, असा एकेक तुकडा प्रत्येकात सोडला.

"लोक खिडकीत झाडं लावतात, याने लोखंड लावलंय," सासूबाई करवादल्या. नणंद आली की विचारायची, "दादा, कोंब फुटला का?"

दोन महिन्यांत तांबं-पितळ कळकट झालं, चांदी काळवंडली, एका स्टीलवर तांबूस ठिपके उमटले. दुसरं मात्र होतं तसं लख्ख राहिलं. मग यजमानांनी बादलीत गार पाणी घेतलं, बायकोचा हात त्यात धरून ठेवला आणि पाण्यातच दोऱ्याने बोटाचं माप घेतलं.

"अहो, बोट बधिर झालं!"

"होऊ दे. अजून एकदा मोजतो."

त्या लख्ख स्टीलची अंगठी झाली ती अगदी साधी, ना खडा ना नक्षी. पेरावरून चढवताना साबण लागायचा. पण एकदा बसली की पाण्यात हलायची नाही. पाणबाई निवृत्त झाल्या तेव्हाही ती बोटात होती, आजही आहे. ओरखडे पुष्कळ, डाग एक नाही. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत यजमान गेले, आणि पाणबाईंनी तलावाची वाट सोडली ती सोडलीच.

परवा नातीला पोहायला घालायचं ठरलं आणि तिने कानातल्यांचा हट्ट धरला. लेक दोघींना दुकानात घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने चमचमती जोडी पुढे केली.

"आजी, हे एकदम वॉटरप्रूफ. काळं पडणारच नाही."

"वरचं राहू दे, बाळ. आत काय आहे?"

मुलगी गोंधळली, आत जाऊन विचारून आली. "पितळ आहे."

"मग नको. आमचे कान हिरवे होऊन झालेत."

शेवटी टायटॅनियमचे दोन बारीक टॉप्स निघाले. आरपार एकच धातू, वर मुलामा नाही. पाणबाईंनी ते तळहातावर तोलून पाहिले. वजन जाणवतच नव्हतं. 'आज हे असते, तर यांनी लगेच सहावा पेला मांडला असता,' त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरले. "हेच दे," त्या म्हणाल्या.

रविवारी नात पाण्यात उतरली खरी, पण कठडा काही सोडेना. "आजी, तू ये!"

"मी कशी येऊ? पोशाख कुठाय माझा?"

लेकीने पिशवीतून नवा पोशाख काढला.

"हे कसले उद्योग गं तुझे!" म्हणत पाणबाई कपडे बदलायला गेल्या. गुडघे कुरकुरले, पण शिडी पायांच्या ओळखीची होती. पाणी छातीला लागलं तसा त्यांनी लांब श्वास घेतला.

"हात दे. तोंड मिट. आता मार पाय, जोरात!"

नातीने असे काही पाय मारले, की काठावर बसलेली लेक नखशिखान्त भिजली.