कुमुदकाकूंचं विरजण

कुमुदकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी माशांची टाकी कुठे आहे ते विचारत. टाकी असली तर चपला काढून सरळ तिच्यासमोर जात आणि काचेपासून चांगल्या अंतरावर खुर्ची ओढून बसत. घरच्या माणसांची विचारपूस त्यानंतर. फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या ओळीत कोपऱ्यावरच्या घरात त्या मुलाकडे, समीरकडे, राहायच्या. नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. निवृत्त होऊन इथे आल्यावर त्यांच्या वयाच्या बाकी बायका नातवंडांना क्लासला सोडून पार्किंगमध्ये गप्पा मारत बसत. काकूंनी डिस्कस पाळले.

डिस्कस म्हणजे बशीसारखा गोल, चपटा, रंगीत मासा. रूप राजाचं आणि प्रकृती अगदीच तोळामासा. पाणी जरा बिघडलं की हा काळा पडून कोपरा धरतो. आमच्या मराठी मंडळींत कुणाचा मासा आजारी पडला की काकूंना फोन जायचा. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी हात खिशात घाल." समोरचा औषधाची बाटली उघडूनच बसलेला असणार याची त्यांना खात्री असायची, आणि तो तसा असायचाही.

माझ्या नवऱ्याची, निखिलची, नोकरी गेली त्या वर्षी मला काकू खऱ्या कळल्या. ग्रीन कार्ड हातात होतं, म्हणून गाशा गुंडाळायची भीती नव्हती. पण हा माणूस घरातल्या घरात हरवला. दिवसभर सोफ्यावर. उठायचा तो फक्त त्याच्या डिस्कसना खायला घालायला, पाणी बदलायला. मी त्या माशांचे मनोमन आभार मानायची.

मग गणपती आले. इथे बहुतेक घरांत शाडूच्या मूर्तीचं विसर्जन बादलीत होतं आणि ते पाणी झाडांना जातं. आमचा दीड दिवसाचा. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते, खाली आले तर बाप्पा माशांच्या टाकीत. हार आणि दूर्वांसकट. भोवती डिस्कस फिरतायत. खरं सांगते, दिसत होतं सुंदर. "वर्ष इतकं वाईट गेलंय," निखिल म्हणाला, "म्हटलं, यंदा बाप्पाला बादलीत नको बुडवायला." त्याचा तो चेहरा बघून मी बादली परत जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी टाकीत दुधाचा चहा ओतल्यासारखं पाणी. निखिलने फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली पातेलं घासावं तसा लख्ख घासला. तरीही मासे काळे पडले, कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागले. मग त्याने दुकानातून औषधं आणली आणि एकावर एक ओतली. मासे गेले तर हा पुन्हा सोफ्यावरून उठायचा नाही, एवढंच मला दिसत होतं. मी काकूंना बोलावलं.

काकू आल्या, टाकीपासून लांब खुर्ची घेऊन बसल्या. निखिल हात खिशात घालून शेजारी उभा. बराच वेळ नुसतं बघून झाल्यावर त्यांनी वाळूतला सोनेरी रंगाचा कपचा दाखवला. "हा मुकुट का रे?" निखिलने मान खाली घातली. आता याला झाडतात, असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, "बाप्पाला बादली चालते, बेटा. चांगलं हॉटेल आपल्यालाच पाहिजे असतं." निखिल हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

मग त्यांनी परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं. "हा अमोनिया. मासे आजारी नाहीत, मोरीत बसलेत बिचारे. औषध बंद, खाणं बंद, लाइट बंद. रोज थोडं पाणी बदल. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरामाइन घालतात, ते घालवायचे थेंब विसरू नकोस, आणि नवीन पाणी जुन्याइतकंच कोमट पाहिजे." स्पंजाचं कळल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, त्यात जिवाणू राहतात. माशांची घाण तेच पचवतात. तू घासून त्यांचं घरदार बुडवलंस."

घरी जाऊन त्या श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन परत आल्या. आत त्यांच्या टाकीतल्या फिल्टरचा मळकट तुकडा. "विरजण आहे. तुझ्या फिल्टरात ठेव, यातूनच नवे जिवाणू लागतील. खबरदार धुशील तर."

त्यानंतर त्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन यायच्या. निखिल बादल्या उचलायचा, त्या बघत बसायच्या. नोकरीचं एका शब्दानं विचारलं नाही. तो सारखा काचेवर बोट वाजवून मासे हलतायत का बघायचा. "टकटक नको," काकू म्हणायच्या. "बरं वाटतंय का, बरं वाटतंय का, असं विचारत सुटलं की आजारी जीव जास्तच भितो." हे मी ओट्यापाशी ऐकलं आणि 'कुठून मेल आला का' हे निखिलला विचारणं सोडून दिलं. हळूहळू पाणी नितळलं. सगळ्यात काळा पडलेला मासा आधी रंगावर आला. निखिलला नोकरी लागायला पुढे बरेच दिवस गेले, पण तोवर तो सकाळी उठून आंघोळ करून बादल्या भरायला लागला होता. मला तेवढं पुरेसं होतं.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. समीरकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणीतरी चहाचं मोठं भांडं लावायला भिंतीतला एक प्लग काढला. तो फिल्टरचा होता, आणि फिल्टर बंद राहिला की आतले जिवाणूही गुदमरून मरतात. त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. समीरचा फोन आला तेव्हा काकूंचे डिस्कस काळे पडून वर येऊन धापा टाकत होते. आम्ही धावत गेलो. तो टाकीसमोर उभा, डोळे सुजलेले, हातात औषधाची उघडी बाटली.

"आईचं एवढंच राहिलंय, यार," तो म्हणाला. "आणि मला यातलं काही म्हणजे काही येत नाही."

निखिलने त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "आधी हात खिशात घाल." मग प्लग लावला, पाणी बदलायला घेतलं, आणि मध्येच घरी जाऊन आला. येताना त्याच्या हातात श्रीखंडाचा तोच डबा होता, आत आमच्या फिल्टरचा मळकट तुकडा.

"हे काय?" समीरने विचारलं.

"विरजण," निखिल म्हणाला. "काकूंचंच आहे."