आप्पांचा दुधी आणि अक्कांची पपई

शुक्रवार पेठेतले आमचे घरमालक आप्पा सकाळी भेटले की तब्येत विचारत नसत. काय प्यायलात ते विचारत. ‘चहा’ म्हटलं की वाईट बातमी ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. नवी पेठेत त्यांनी आयुष्यभर साड्या विकल्या. मुलगा आमचं शहर सोडून पुण्यात स्थिरावल्यावर दुकान बंद केलं आणि गिऱ्हाईक पटवण्याची सगळी कला दुधीभोपळ्याच्या रसामागे लावली. “एक गिलास घेऊन तर बगा, मास्तर. रक्त काचेवानी साफ होतंय.”

त्यांच्या पत्नी अक्का पपईच्या बाजूच्या. परसातलं झाड त्यांनीच लावलेलं. पपईची फोड आप्पांसमोर धरून त्या म्हणायच्या, “भाजी पिळून नुसतं पाणी पिताव तुमी. हे बगा, सगळंच्या सगळं पोटात जातंय की.”

रसाचा चोथा मात्र अक्का फेकत नसत. धपाट्याच्या पिठात मळत. आप्पा ती धपाटी दह्याबरोबर मनसोक्त हाणायचे आणि पोट हलकं झाल्याचं श्रेय रसाला द्यायचे.

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यात हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारा. साहजिकच निवाडा माझ्याकडे आला. मी सांगितलं, की पपईत क जीवनसत्त्व भरपूर, तंतू आहेत, डोळ्यांना चांगली. गाळलेल्या दुधीच्या रसात बहुतेक पाणीच. साखर कमी, एवढी एक जमेची बाजू.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि अक्कांकडे वळले. “साखर कमी म्हणतेत. मास्तर बी माझ्याच बाजूचे हायत.”

“साकु!” अक्का माहेरच्या कन्नडमध्ये म्हणाल्या. म्हणजे ‘पुरे झालं’. आणि त्या आत निघून गेल्या.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी रस कडू निघाला. अक्का म्हणाल्या, ओतून टाका. “औषध कदी गोड असतंय का?” म्हणत आप्पांनी ग्लास रिकामा केला. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या आणि मग उलटीत रक्त दिसलं. अक्कांच्या हाकेनं मी खाली धावलो. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. वाटेत अक्कांचा हात आप्पांच्या छातीवरून हलत नव्हता.

“दुधी कडू होता का?” डॉक्टरांनी पहिलंच विचारलं. कडू दुधी विषारी असतो, वेळेत आणलंत, असं ते म्हणाले.

काही दिवसांनी मऊ खायची परवानगी मिळाली. अक्कांनी पपई कुस्करून आणली. आता मात्र त्या सुनावणार, अशी माझी खात्री होती. पण त्या चमच्याने भरवत राहिल्या. आप्पांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, “पपई बरी हाय. पण दुधीनं आतडं धुऊन काढलं, म्हणून गोड लागली.”

अक्का इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

घरी आल्यावर दोघांचं भांडण पूर्ववत सुरू झालं. फरक एवढाच, की रस काढण्याआधी अक्का दुधीची चकती स्वतः चाखून बघायच्या.

गेल्या वर्षी अक्का अचानक गेल्या. मुलगा आप्पांना पुण्याला घेऊन गेला. परवा आप्पांचा फोन आला.

“सून लई करती, मास्तर. सकाळी रस देती, दुपारी पपई.”

“मग झालं की आप्पा!”

“काय झालं? ठेवती आणि ऑफिसला जाती. पिलं तरी कोन काय म्हनत नाही, नाही पिलं तरी कोन काय म्हनत नाही.” मग म्हणाले, “खरं सांगा, पपईच चांगली ना? तिला मी कदी तसं म्हनलो नाही.”

“अक्कांना माहीत होतं, आप्पा.”

“माहीत होतं की ओ,” आप्पा म्हणाले. “तरी भांडायची. रोज भांडायची माझ्यासंगं.”